ओलं वजन

कांदा-बटाटा मार्केटात बाबासो मुकादम यायचे तेव्हा आधी त्यांचं पोट यायचं, मग मिशी, आणि मग बाबासो. हमालांच्या टोळीतली माणसं हे त्यांच्या तोंडावर म्हणायची आणि सगळ्यांत मोठ्यानं बाबासोच हसायचे. ते पोट आपण घाम गाळून कमावलंय, असं त्यांचं रोखठोक मत होतं. तसं ते खोटंही नव्हतं. माण तालुक्यातल्या वाडीवरून विशीचं पोरगं तुर्भ्याला उतरलं तेव्हा त्याच्या अंगावर मांस म्हणून नव्हतं. पन्नास किलोची गोणी पाठीवर घेऊन ते ट्रकच्या फळीवरून असं पळायचं की बघणाऱ्याला वाटावं, गोणीच त्याला ढकलतेय. पुढे बाबासो टोळीचे मुकादम झाले, पाठीवरचं ओझं उतरलं, भूक मात्र हमालाचीच राहिली. तीन भाकरी, वर भात, तांबडा रस्सा आणि शेजारी मिठानं माखलेला मिरचीचा खर्डा. पाठीवरून उतरलेलं ओझं मग वर्षावर्षानं पुढच्या अंगाला येऊन बसलं.

सानपाड्याला दोन खोल्यांचं घर, बायको वेणूबाई आणि एकुलती एक मुलगी सुनयना. सुनयना शिकली, न्हावा शेव्याला एका कस्टम एजंटच्या ऑफिसात लागली, कंटेनरचे कागद फटाफट करायची. बाबासोंना तिचं भारी कौतुक. "आमी एकेक गोणी पाठीवर घ्यायचो, पोरगी अख्खा कंटेनर बोटावर हलवती," असं ते येईल त्याला ऐकवायचे. आणि मग पंचविशीतच त्या पोरीचे पाय सुजायला लागले. आधी चपला घट्ट झाल्या, मग डोळ्यांखाली सूज आली, मग जिना चढताना दम लागायला लागला. तपासण्या झाल्या तेव्हा कळलं की दोन्ही किडन्यांनी कधीच हात टेकले आहेत.

आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. बाबासोंनी ते मशीन पहिल्यांदा पाहिलं आणि दाराशीच थांबले. छातीएवढं उंच मशीन, त्याला दोन नळ्या, आणि त्या नळ्यांतून आपल्या पोरीचं रक्त बाहेर येतंय, फिरतंय, परत आत जातंय. असे चार तास. मशीनवर जाताना वजन करायचे, उतरल्यावर पुन्हा करायचे, आणि मध्ये अडीच-तीन किलोंचा फरक पडलेला असायचा.

"एवढं काय काढलं रं तिच्या अंगातनं?" त्यांनी घाबरून तिथल्या रूपेश नावाच्या टेक्निशियनला विचारलं.

"पाणी, काका. दोन दिवसांत जेवढं प्यायली, जेवणातनं गेलं, ते सगळं. किडनी काढत नाय ना, मग आतच साठतं."

बाबासोंनी जन्मभर वजन उचललं होतं, पण पाण्याचं वजन माणसाच्या आत असं चढतं आणि उतरतं, हे त्यांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. सुनयनाला लघवी जवळजवळ होतच नव्हती. लिटरभर पाण्यात दिवस काढायचा, त्यातच चहा, त्यातच आमटी. तहान फारच लागली की ती लिंबाची फोड चोखत बसायची. वेणूबाई पाणी प्यायला आत जायच्या, पोरीच्या समोर घोट घ्यायला नको म्हणून.

किडनी बदलायची तर द्यायला कुणीतरी हवं. वेणूबाई पुढे झाल्या, पण त्यांना शुगर, त्यामुळे त्या पहिल्याच फेरीत बाद. बाबासो म्हणाले, "माज्या दोन हायत न्हवं? त्यातली चांगली असंल ती काढा." रक्तगट जुळला, बाकीच्या तपासण्या जुळल्या. एवढं सगळं जुळल्यावर डॉक्टर मॅडमनी त्यांना काट्यावर उभं केलं. अठ्ठ्याण्णव किलो.

"पंच्याऐंशीच्या खाली या, मग बोलू," मॅडम म्हणाल्या.

"अवो, पोटाचा न् किडनीचा काय संबंध?"

"एक काढली की उरलेलीवर सगळा भार. त्यात हे वजन. उद्या बीपी, परवा शुगर. तुम्हीच मशीनवर येऊन झोपलात तर सुनयनानं कुणाकडे बघायचं?"

दुसऱ्यांचं ओझं वाहण्यात ज्याची हयात गेली त्याला स्वतःचंच ओझं आडवं आलं.

आहार सांगायला क्रांती नावाची तरुण मुलगी होती, पनवेलकडची, बोलायला फटकळ. तिनं भाकरी अर्धी केली, भात बंद केला, मीठ निम्म्यावर आणलं, उसळी आणि अंडी वाढवली, रोज चालायला लावलं. शेवटी म्हणाली, "काका, पहिल्या आठवड्यात काटा धाडकन खाली येईल. ते पाणी असतं. त्याच्यावर नाचू नका." बाबासोंनी मान डोलावली. ऐकलं मात्र काहीच नाही, कारण त्यांचा जीव त्या अर्ध्या भाकरीत अडकला होता.

पहिला आठवडा त्यांनी असा काढला की वेणूबाईंना बघवेना. अर्धी भाकरी चघळून चघळून खायचे आणि लगेच ताट उचलून मोरीत ठेवायचे, पुन्हा वाढून घ्यायची बुद्धी नको म्हणून. पहाटे पाम बीच रोडच्या कडेनं चालायचे. आठवडा भरला तसे मार्केटच्या काट्यावर चढले. घरच्या काट्यावर त्यांचा विश्वास नव्हता. ज्याच्यावर गोण्या तोलल्या जातात तोच खरा काटा. टोळी भोवती जमली. अंकुश म्हणजे टोळीतला त्यांचा सगळ्यांत जुना सोबती, तो आकडा वाचायला वाकला आणि तसाच वाकून राहिला.

"मुकादम, त्र्याण्णव!"

"नीट बघ."

"त्र्याण्णव न् वर जरासं. च्यायला, पाच किलोला टेकलं की!"

टोळीनं असा कालवा केला की पलीकडच्या गाळ्यातले व्यापारी बाहेर आले. अंकुशनं कुठून तरी नारळ आणून काट्यापुढे फोडला. बाबासोंनी तिथल्या तिथं गणित मांडलं, आठवड्याला पाच म्हणजे अजून दोन आठवडे, फार तर तीन. त्यांनी वाडीवर भावाला फोन केला, ऑपरेशनच्या वेळी वेणूबाईंच्या बहिणीनं राहायला कधी यायचं तेही ठरवून टाकलं. खरं तर हा माणूस अख्खा जन्म कांद्यात वावरलेला. नवा ओला कांदा येतो तेव्हा गोणी कशी दगडासारखी लागते आणि चार दिवस गाळ्यात पडली की एकही कांदा न जाता तीच कशी हलकी होते, हे त्यांनी झोपेतही सांगितलं असतं. स्वतःच्या अंगाला मात्र हा नियम लावायचं त्यांच्या डोक्यात आलं नाही. आनंदानं माणूस किती भोळा होतो पाहा.

घरी सुनयना नुकतीच मशीनवरून आली होती आणि भिंतीला टेकून बसली होती. डायलिसिसच्या दिवशी तिच्यात काही उरायचंच नाही. सगळं ऐकून ती म्हणाली, "मस्तच, आप्पा. पण ते पाणी असेल हां. पुढं कमी उतरलं तर टेन्शन नका घेऊ."

"पानी तुजं," बाबासो एकदम भडकले. "माजी चरबी हाय."

तोंडातून गेलं आणि त्यांना वाटलं, हा शब्द परत गिळता आला तर बरं. सुनयना फक्त "बरं" म्हणाली आणि कुशीवर वळली. बाबासो उंबऱ्यात जाऊन बसले.

पुढच्या आठवड्यात काटा जेमतेम हलला. त्याच्या पुढच्या आठवड्यात तोही नाही. बाबासोंनी काटाच बिघडला असेल म्हणून त्यावर माप ठेवून पाहिलं, काटा अगदी बरोबर होता. अशात गावच्या मंडळाचं यात्रेचं जेवण आलं. मुंबईतली वाडीची सगळी माणसं कोपरखैरण्याला जमतात, बोकड पडतो, आणि तिथं मुकादमांनी पान नाकारायचं म्हणजे गावाचा अपमान. एक दिवसानं काय होतंय, म्हणून ते बसले. रस्सा ओरपला, खर्डा खाल्ला, भातही घेतला. दुसऱ्या दिवशी काट्यानं अडीच किलो जास्त दाखवले.

बाबासो खाली उतरले आणि बटाट्याच्या थप्पीला टेकले. "आंकुश, मी खाल्लं ते सगळं मिळून अडीच किलो न्हवतं रं. मग ही वरची भरती आली कुटनं?"

अंकुशनं उगाच खांद्यावरच्या टॉवेलानं काटा पुसला.

तिरमिरीतच ते क्रांतीकडे गेले. तिनं शांतपणे सगळं ऐकून घेतलं. "मीठ, काका. मीठ जास्त झालं की शरीर पाणी धरून ठेवतं. आणि भात-भाकरीतली साखर अंगात साठते ना, ती एकटी नाय बसत, आपल्या तिप्पट पाणी घेऊन बसते. पहिल्या आठवड्यात तुम्ही तो साठा संपवलात, म्हणून त्याच्याबरोबरचं पाणी गेलं. काल साठा भरला, पाणी परत आलं. दोन-चार दिवसांत जाईल. चरबी या येण्याजाण्यात नाहीच. ती हळू जाते. आठवड्याला अर्धा किलो गेली तरी खूप."

"पन जाती कुटनं?" बाबासोंनी विचारलं. "घामातनं का परसाकडनं?"

"श्वासातून."

"आँ?"

"चरबी जळली की तिचं थोडं पाणी होतं, पण बराचसा वायू होतो. तो नाकातोंडातून बाहेर पडतो. चालताना दम लागतो तेव्हा जास्त, पण झोपेतसुद्धा चालू असतं ते."

बाबासोंनी आपला तळहात तोंडासमोर धरला आणि हळूच फुंकर मारली. हाताला जरा ऊब लागली, बाकी काही दिसलं नाही. त्यांनी क्रांतीकडे पाहिलं, ती चेष्टा करतेय का ते बघायला. ती करत नव्हती. एवढं मोठं पोट, वर्षानुवर्षांच्या भाकऱ्यांचं, आणि ते माणूस नुसता फुंकून टाकतो! ना कुणाला आवाज, ना कुणाला पत्ता. देवळात गाभाऱ्यासमोर उभं राहिल्यासारखे ते तिच्या टेबलासमोर उभे होते. शेवटी क्रांतीलाच म्हणावं लागलं, "काका, बाहेर पुढचा पेशंट आहे."

त्या संध्याकाळी ते सुनयनाजवळ जाऊन बसले. "तुजं बरोबर व्हतं, पोरी. पानीच व्हतं. मी उगाच बोललो."

"मला पाण्याचं कळणारच ना, आप्पा," सुनयना म्हणाली. "माझी पीएचडी चाललीय त्यात." दोघंही हसली.

मग महिन्यांमागून महिने गेले. बाबासोंनी काट्याशी भांडण सोडलं. एखाद्या आठवड्यात अर्धा किलो जायचा, एखाद्यात पाव, एखाद्यात उलटा चढायचा. पहाटे चालताना ते आपला श्वास ऐकायचे आणि मनात म्हणायचे, गेली, आणखी जराशी गेली. यात्रेचं नाकारता आलं नव्हतं, पण लग्नाचं, बारशाचं, सत्यनारायणाचं जेवण त्यांनी मान खाली घालून नाकारलं. पट्टा आतल्या भोकावर सरकला. अंकुश म्हणाला, "मुकादम, आता आधी मिशी येतीय." टोळी हसली, पण त्या हसण्यात पूर्वीची टिंगल नव्हती. हा माणूस काय करतोय आणि कुणासाठी करतोय, हे सगळ्यांना माहीत होतं.

होळी जवळ आली आणि सुनयनाचं बिनसलं. डायलिसिससाठी हातावर केलेली रक्ताची वाट गुठळीनं बंद पडली. मानेत नळी घालावी लागली. मशीनवर तिचं बीपी एकाएकी खाली जायचं, ओठ पांढरे पडायचे, रूपेश धावत यायचा. डॉक्टर मॅडमनी बाबासोंना बोलावून सांगितलं, "आता फार थांबता येणार नाही. महिनाअखेरीस तुमची शेवटची तपासणी. त्यात बसलात तर लगेच तारीख घेऊ."

बाबासो तेव्हा सत्त्याऐंशीवर होते. वरचे दोन किलो दोन आठवड्यांत श्वासानं जाणारे नव्हते, हे त्यांना आता चांगलं कळत होतं. आणि कळत होतं म्हणूनच त्यांनी घोटाळा केला. अडाणी असते तर वाचले असते. त्यांच्या डोळ्यांसमोर सुनयनाचं मशीन होतं, चार तासांत तीन किलो काढणारं. आणि मनात होतं शेत. कांदा काढायच्या आधी शेतकरी त्याचं पाणी तोडतो. वाफ्यात पाणी सोडायचं बंद करतो, पात सुकते, कांदा घट्ट होतो आणि मगच जमिनीतून काढतात. लहानपणी बाबासोंनी स्वतः वाडीवर असं पाणी तोडलं होतं. काढणी तर आपलीही जवळ आलीय, असं त्यांना वाटलं. त्यांनी कुणाला न सांगता आपलं पाणी तोडलं.

सकाळी अर्धा कप चहा, दुपारी नुसती चूळ भरायची. मार्चचं ऊन, मार्केटातली धूळ, शेजारी रसवंतीचा घुंगराचा आवाज, आणि बाबासो कोरड्या तोंडानं ट्रकच्या फळीपाशी उभे. जीभ टाळूला चिकटायची. एकदा डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा त्यांनी फळी धरली आणि अंकुशला म्हणाले, पित्त झालंय. त्या तहानेत त्यांना एक वेडं समाधान वाटत होतं. पोरगी वर्षभर हेच सोसते, आपणही सोसलं तर काय बिघडलं!

तपासणीच्या दिवशी काट्यानं साडेचौऱ्याऐंशी दाखवले. मॅडम हसल्या, "शाब्बास, काका." रक्त घेतलं. बाबासो घरी येऊन पहिल्यांदा पोटभर पाणी प्यायले आणि झोपले. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून फोन आला, सगळ्यांनी लगेच या.

मॅडमच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. "तुमचं क्रिएटिनिन वाढलंय, काका. म्हणजे तुमच्या किडन्यांवर ताण आलाय. असा रिपोर्ट असेल तर तुमची किडनी मी कुणालाच देऊ शकत नाही. मागच्या महिन्यात उत्तम होतं. काय केलंत तुम्ही?"

बाबासोंनी खाली बघत सांगितलं, "पानी तोडलं."

मॅडमना कळलं नाही. वेणूबाईंना कळलं आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. सुनयना मानेत नळी घेऊन खुर्चीवर बसली होती. ती वडिलांवर कधी आवाज चढवणारी मुलगी नव्हती, पण तेव्हा ओरडली. "मी एकेका घोटासाठी जीव टाकते, आणि तुमी पाणी सोडलंत? घरात भरलेला हंडा असून? ज्या किडनीसाठी एवढं सगळं चाललंय, तिलाच मारायला निघालात, आप्पा?"

तेवढे महिने, तेवढी नाकारलेली ताटं, सगळं आपण चार दिवसांच्या शहाणपणात घालवलं, असं बाबासोंना वाटलं. मुलीला जन्म दिला आणि आता आपणच तिच्या वाटेत दगड होऊन बसलो. त्यांना रडू फुटलं, आणि ते लपवायचाही त्यांनी प्रयत्न केला नाही.

मॅडम हळू आवाजात बोलल्या. "ऐका, काका. तुम्ही पाणी बंद केलंत तरी तुम्ही उभे राहिलात, ते कुणामुळे? त्या दोन मुठीएवढ्या किडन्यांमुळे. पाण्याचा थेंब थेंब वाचवून त्या तुम्हाला परत देत होत्या, आणि राहिलेल्या घोटभर पाण्यात सगळी घाण बाहेर टाकत होत्या. हे मशीन बघता ना तुम्ही? चार तास चालून ते निरोगी किडनीच्या कामातलं अगदी थोडं करतं. आणि तुमच्या दोघी रात्रंदिवस, न थांबता, न सांगता सगळं करतात. त्यांना पाणी द्या. बहुतेक त्या सावरतील, पण मी आत्ता शब्द देत नाही. दोन आठवड्यांनी पुन्हा तपासू. आणि मला सुकवलेलं वजन नको. ओलं वजन घेऊन या, मग ते सत्त्याऐंशी असलं तरी चालेल, पुढचं बघता येईल."

घरी आल्यावर वेणूबाईंनी तांब्या भरून आणला. बाबासो तो घेऊन आतल्या खोलीकडे निघाले. सुनयनानं त्यांना हाक मारली.

"इथंच बसून प्या."

"तुज्या म्होरं कसं पिऊ, बाळा?"

"प्या म्हणते ना. मला बघायचंय."

बाबासो तिच्यासमोर बसले आणि प्यायला लागले. सुनयना त्यांच्या गळ्याकडे एकटक बघत होती. प्रत्येक घोटाबरोबर तिचा स्वतःचा गळा हलत होता. तांब्या संपल्यावर ती म्हणाली, "अजून एक," आणि वेणूबाई उठल्या. बाबासोंनी दुसराही संपवला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मुलगी हसत होती, जणू ते सगळं तिच्याच पोटात गेलं होतं.

तासाभरानं बाबासो बाथरूममधून बाहेर आले ते थक्क चेहऱ्यानं. एवढं पाणी प्यायलं आणि अंगानं आपल्याला हवं तेवढं ठेवून बाकीचं मुकाट्यानं सोडून दिलं. ना मशीन, ना नळ्या, ना टेक्निशियन. साठ वर्षांच्या उंबरठ्यावर आलेला हा माणूस, दिवसातून कितीदा तरी आडोशाला जाऊन आलेला, आणि त्यानं एकदाही या गोष्टीला नवल मानलं नव्हतं. त्यांनी दोन्ही हात कमरेच्या मागे नेले आणि आपल्या पाठीवर, किडन्या असतील अशा अंदाजानं, तळवे ठेवले. पन्नास किलोच्या गोण्या इथंच तर टेकायच्या. त्यांच्याखाली हे चाललेलं होतं, तेव्हाही. "वेणू," ते म्हणाले, "मानसाच्या आत काय काय ठेवलंय गं."

त्या दोन आठवड्यांत घरात कुणी धड झोपलं नाही. रिपोर्ट आला तो पूर्वीसारखा, उत्तम. वजन भरलं शहाऐंशी आणि वर थोडं. मॅडमनी सुनयनाच्या मानेतली नळी सांभाळत आणखी काही आठवडे काढले, बाबासोंनी पाणी पीत, चालत, श्वास सोडत ते काढले, आणि आंबे संपत आले तेव्हा काटा पंच्याऐंशीच्या खाली उतरला. या वेळी टोळीनं नारळ फोडला नाही. अंकुशनं फक्त मुकादमांना काट्यावरून उतरायला हात दिला आणि बराच वेळ तो हात सोडला नाही.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी बाबासो पोटावर उशी दाबून, भिंत धरत धरत, तोंडाला मास्क लावून सुनयनाच्या खोलीच्या काचेपाशी पोचले. वेणूबाई आधीच तिथं उभ्या होत्या. मॅडम बाहेर येत होत्या. त्यांनीच सांगितलं की किडनी जोडून रक्त सुरू केलं, ती गुलाबी झाली आणि टेबलावरच तिच्यातून लघवीची धार लागली. "कालपासून थांबलीच नाही. कैक लिटर गेली. साठलेलं पाणी उतरतंय, वजनही भराभर खाली येतंय."

"म्हंजी पानीच जातंय?" बाबासोंनी विचारलं.

"पाणीच जातंय, काका."

काचेतून सुनयना दिसत होती. सूज उतरलेला तिचा चेहरा बाबासोंनी दोन वर्षांत पाहिला नव्हता, आधी त्यांना तो ओळखूच आला नाही. तिच्या हातात पाण्याचा ग्लास होता. तिनं सवयीनं एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला. सिस्टरनं तो उचलून परत तिच्या हातात दिला. "अगं, पी. जेवढं बाहेर जातंय तेवढं आत गेलं पाहिजे. आता तुला मोजायचं नाहीये." सुनयनानं तिच्याकडे संशयानं पाहिलं. मग ग्लास तोंडाला लावला आणि डोळे मिटून, एका दमात, तळापर्यंत प्यायली. रिकामा ग्लास पुढे करून तिनं आणखी मागितलं.

कॉटच्या कडेला लघवीची पिशवी लटकत होती. थेंब थेंब करत ती भरत होती, फिकट पिवळी, स्वच्छ. बाबासो तिच्याकडे बघत राहिले. एके काळी ज्या किडनीवर त्यांच्या पाठीवरची गोणी टेकायची, ती तिकडे काचेपलीकडे, दुसऱ्या देहात, काही न विचारता कामाला लागली होती. त्यांच्या अंगावर काटा आला. येणारे-जाणारे लोक बघत होते, वॉर्डबॉय ट्रॉली घेऊन थांबला होता, आणि बाबासो मुकादमांनी पोटावरची उशी वेणूबाईंच्या हातात दिली आणि त्या पिशवीला सगळ्यांदेखत दोन्ही हात जोडून नमस्कार केला.